बाळंतवात नव्हता तो

कुष्ठरोग हा शब्द मी पहिल्याच ओळीत लिहून टाकते, म्हणजे ज्यांना पान उलटायचं आहे त्यांनी आत्ताच उलटावं. मला तो झाला होता. औषधांनी तो पूर्ण बरा झाला आणि माझी दहाही बोटं शाबूत आहेत. उजवी करंगळी तेवढी जराशी वाकडी राहिली. कप धरताना ती ऐटीत बाहेर येते आणि लोकांना वाटतं, बाई फार नाजूक आहेत.

या रोगाची पत्रकं सरकारी दवाखान्यात ढिगानं मिळतात. घाबरू नका, लवकर या, पूर्ण बरे व्हा, असं त्यांवर छापलेलं असतं आणि ते खरंही आहे. पण बरं होता होता माणूस किती एकटं पडतं ते त्यांत नसतं. बाळंतपणानंतर या रोगात काय होऊ शकतं हेही मला कुणी नीट सांगितलं नव्हतं, किंवा सांगितलं असेल तर माझ्या डोक्यात शिरलं नव्हतं. जिला हे निदान नुकतंच झालंय आणि जिच्या पोटात मूल आहे, अशा बाईसाठी मी लिहिते आहे. बाकीच्यांनी वाचलं तरी हरकत नाही.

*

नव्वदीच्या दशकातली गोष्ट. लग्नानंतर आम्ही नेरूळला नव्या सोसायटीत राहायला गेलो. माझे यजमान अविनाश मूळचे साताऱ्याकडचे, एका सरकारी कचेरीत नोकरीला. माझं माहेर चिपळूणजवळ. मी वाशीला एका वाहतूक कंपनीत टायपिस्ट होते आणि वेगाबद्दल मला भलताच अभिमान होता.

त्या अभिमानाला पहिला धक्का ‘पी’ या अक्षरानं दिला. माझ्या पत्रांत तो पुसट उमटायला लागला. साहेब म्हणाले, मशीन दुरुस्तीला टाका. मशीन तेलपाणी होऊन चकाचक परत आलं, ‘पी’ मात्र तसाच. ‘पी’ उजव्या करंगळीनं मारायचा असतो. करंगळीत जोर उरला नव्हता, हे मशीनला कळलं आणि मला कळलं नाही. कोपराजवळ एक फिकट चट्टा होता, तो आमच्या नेहमीच्या डॉक्टरांच्या मते गजकर्ण होता. मलम लावून लावून ट्यूबा संपल्या. खाज नाही, आग नाही, त्यामुळे मीही फारसं मनावर घेतलं नाही.

मग दिवस राहिले. चौथ्या महिन्यात तपासायला गेले असताना तिथल्या डॉक्टरबाईंनी रक्तदाबाचा पट्टा बांधण्यासाठी बाही वर केली आणि त्यांचा हात तिथेच थांबला. त्यांनी कोपरामागची नस दाबून पाहिली. मग मोठ्या सरकारी रुग्णालयातल्या त्वचा विभागात पाठवलं. तिथे एका तरुण डॉक्टरीणबाईंनी मला पाठ उघडी करायला सांगितली. पाठीवर आणखी बरेच चट्टे होते म्हणे. आरशात पाठ कोण बघतं?

“कुष्ठरोग आहे,” त्या म्हणाल्या. “औषध आहे. बरा होतो. पोटातल्या बाळाला होत नाही.”

चार वाक्यं सांगून त्या माझ्या तोंडाकडे बघत राहिल्या. मी रडेन असं त्यांना वाटलं असावं. माझ्या डोक्यात मात्र लहानपणी गावाच्या बाजाराबाहेर बसणारी माणसं आली, ज्यांच्या थाळीत आई पैसे वरून टाकायची. त्यांच्यापैकी एकाही बाईजवळ कधी मूल पाहिल्याचं मला आठवेना.

“मूल माझ्याजवळ ठेवू देतील ना?” मी विचारलं.

“कोण देतील? तुमचं मूल आहे. गोळ्या चुकवू नका, अंगावर पाजा, सांभाळा.”

गोळ्यांची तर सवयच झाली. पण ‘कोण देतील’ या प्रश्नाचं उत्तर मला तेव्हाही माहीत होतं. देणारे-न देणारे डॉक्टर नसतात.

*

अविनाश वाईट माणूस नाही, हे आधीच सांगते, कारण पुढे तुम्हाला त्याचा राग येईल. मलाही यायचा. तो मला सोडून गेला नाही, टाकून बोलला नाही, दर महिन्याच्या डोसला माझ्यासोबत आला. फक्त त्यानं एक ठरवलं.

“हे आपल्या दोघांत ठेवू,” तो म्हणाला. “सोसायटीत कळलं तर उद्या नळावरून भांडणं होतील. आणि तुझ्या आईला तर मुळीच नको. उगाच टेन्शन घेतील.”

मला ते पटलं. त्या वेळी तर फारच पटलं. मात्र गुपित दोघांनी मिळून ठेवलं तरी राहतं ते एकाच्याच अंगावर. अविनाश माझ्या ग्लासातून पाणी प्यायचा थांबला. टॉवेल वेगळा झाला. मी विचारलं तर म्हणायचा, “अगं, तुझ्याच इन्फेक्शनसाठी, गरोदर बाईला जपायला पाहिजे.” डॉक्टरीणबाईंनी त्याला माझ्यासमोर सांगितलं होतं की पहिल्या डोसानंतर थोड्याच दिवसांत माझ्याकडून कुणाला काही होण्यासारखं उरणार नाही. त्यानं मान डोलावली होती. पण मान डोलावणं वेगळं आणि तहान लागल्यावर हात कुठल्या ग्लासाकडे जातो ते वेगळं.

महिन्याच्या मोठ्या डोसानंतर लघवी लाल होते. पहिल्यांदा मी मोरीत उभी राहून मूल गेलं म्हणून रडले. दुसऱ्या एका गोळीनं कातडी काळवंडते. माझा रंग मुळात उजळ. सातव्या महिन्यापर्यंत मी विटकरी-तपकिरी झाले. समोरच्या पाटीलकाकूंनी जिन्यात मला थांबवून निदान केलं, “रंग उतरला म्हणजे मुलगी. आईचं रूप घेऊन येते.” मी म्हटलं, घेऊ दे. मुलगी झाल्यावर काकूंनी सगळ्या मजल्यांवर सांगितलं की त्यांचा अंदाज चुकत नाही.

*

पहिलं बाळंतपण माहेरी करायचं असतं. पण महिन्याचा डोस नेरूळच्या केंद्रावरच मिळायचा, म्हणून मी आईला इकडे बोलावलं. ‘ऑफिसची रजा, डॉक्टर इथले’ अशी कारणं दिली. आई आली ती डिंकाचे लाडू, हळीव, ओवा, बाळंतशोपा आणि एक लोखंडी शेगडी घेऊन आली. गॅसच्या घरात शेगडी बघून अविनाश हबकला. आई म्हणाली, “बाळंतिणीला शेक नको? कातडं सैल पडेल तिचं.”

मालिश करायला शिरवणे गावातून सोनाबाय यायची. दणकट, पन्नाशीची, मोठ्यानं बोलणारी. आमच्या तान्ह्या केतकीला पायांवर घेऊन अशी अंघोळ घालायची की मुलगी रडायचीच विसरायची. मग माझी पाळी. तेल, ऊन पाणी, आणि नंतर खाटेखाली निखाऱ्यांची शेगडी आणि त्यावर ओव्याची धुरी. घरभर तो वास भरून राहायचा. ते पहिले दिवस मी सुखात होते. केतकीला दवाखान्यातच बीसीजी टोचली होती. तिच्या दंडावरचा तो बारीकसा फोड मी रोज बघायचे, कारण क्षयाचा आणि माझ्या रोगाचा जंतू एकाच कुळातले आणि त्या लशीनं थोडंफार दोन्हींपासून जपलं जातं, असं डॉक्टरीणबाई म्हणाल्या होत्या. थोडंफार तर थोडंफार. ती अंगावर छान प्यायची. मुलगी माझ्याजवळ होती, आणि मला दुसरं काही नको होतं.

महिना उलटला आणि माझा उजवा हात सुजला. चट्टे लाल झाले, तट्ट फुगले. कोपरातून करंगळीपर्यंत अशी कळ जायची की मला पोळीचा तुकडा मोडता येईना. अंगात ताप. मी अविनाशला बाजूला घेऊन म्हटलं, दवाखान्यात जाऊ.

“जाऊ. पण तुझी आई विचारणार, कुठल्या दवाखान्यात, कशासाठी. दोन दिवस बघू.”

आई आणि सोनाबायला मात्र काहीच कोडं पडलं नव्हतं.

“बालंतवात हाय ह्यो,” सोनाबाय माझा हात उलटसुलट करत म्हणाली. “थंड्या पान्यात हात घातला आसल. शेकल्याबिगर उतरनार नाय, आज्जी. चांगला दनकून शेका.”

“मी सांगत होते, कपडे पिळू नको म्हणून,” आई म्हणाली.

आईनं शेगडी फुलवली आणि समोर पाटावर ठेवली. माझा हात दोन्ही हातांनी धरून तिनं निखाऱ्यांवर आडवा धरला. कोपरापाशी ठणका होता, तो उबेनं जरा हलका झाल्यासारखा वाटला. मी डोळे मिटले. आई माझ्याजवळ बसली होती, मुलगी सोनाबायच्या मांडीवर होती, आणि खरं सांगायचं तर मला बरं वाटत होतं.

वास आधी सोनाबायला आला. ओव्याचा नाही, वेगळाच.

“आज्जी, हात काढा. जलतोय तिचा.”

आईनं हात मागे खेचला. करंगळी आणि तळव्याची बाहेरची कड पांढरी पडली होती. बघता बघता तिथे फोड आला. आई माझ्या हाताकडे बघत होती आणि मी आईकडे.

“मीने, तू हात काढला का नाहीस?”

मी डाव्या हातानं तो फोड दाबून पाहिला.

“एवढं भाजलं आणि तुला कळलं नाही? काय गो हे?”

आईनं असं विचारल्यावर मला खोटं बोलता येत नाही. मी सांगितलं. रोगाचं नाव सांगितलं, औषधं डब्यात कुठे लपवलेली आहेत ते सांगितलं. आईनं सोनाबायच्या मांडीवरून केतकीला उचललं, आतल्या खोलीत गेली आणि दार लोटून घेतलं. दार आपटलं असतं तर मला निदान भांडता आलं असतं.

सोनाबायनं निखाऱ्यांवर पाणी टाकलं आणि तेलाची वाटी धुऊन ठेवली. जाताना उंबऱ्याशी थांबून म्हणाली, “आदी सांगला आसतास तर मी शेकाया सांगला नसता, बाय.” दुसऱ्या दिवशी निरोप आला की कामोठ्याला दुसरी बाळंतीण आहे, तिकडे जावं लागतंय. खरंही असेल.

*

रुग्णालयात डॉक्टरीणबाईंनी हात पाहिला आणि पहिल्यांदाच माझ्यावर चिडल्या. मग आईलाही आत बोलावलं.

“हा वात नाही, आजी. ही रिअ‍ॅक्शन आहे. पोटात मूल असताना बाईचं शरीर स्वतःला आवरून धरतं. मूल अर्धं बापाचं, म्हणजे परकं. त्याच्यावर तुटून पडू नये म्हणून. त्या दिवसांत या जंतूंकडेही त्यानं काणाडोळा केला. बाळंतपण झालं, शरीर पुन्हा जागं झालं, आणि आता ते जंतूंवर तुटून पडलंय. जंतू बसलेत नसांमध्ये, म्हणून मार नसांना बसतोय. नस ठणकते, पण बोटाला चटका कळत नाही.”

“म्हणजे औषध लागू पडत नाही?” आईनं विचारलं.

“पडतंय. जंतू बहुतेक मेलेत. हिचं शरीर मेलेल्यांशी भांडतंय.”

“मेलेल्यांशी कसलं भांडण?”

“शरीराला ते कळत नाही, आजी. ते शांत करायला दुसऱ्या गोळ्या द्याव्या लागतील आणि हिला इथे ठेवावं लागेल. उशीर झाला तर बोटं वाकडी राहतात. बाळ इथे आणता येईल, पाजायला काही हरकत नाही.”

मग आईनं तो प्रश्न काढला जो ती रात्रभर मनात घोळवत होती. “मग पोरगी काळी का पडत चाललीय?”

ते खरं होतं. केतकी जन्मली तेव्हा गुलाबी होती आणि महिन्याभरात तिच्या अंगावर तपकिरी झाक आली होती. मलाही दिसत होतं, मी स्वतःला उन्हाची कारणं देत होते. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, गोळीचा रंग दुधातून थोडा उतरतो, गोळी थांबली की जातो, अपाय काही नाही.

“बघ. दुधातून गेलंच ना,” आई माझ्याकडे बघून म्हणाली.

“औषध गेलंय, आजी. रोग नाही.”

आईनं मान हलवली. बाहेर आल्यावर ती मला म्हणाली, “त्यांचं खरं असेल. शिकलेल्या आहेत. पण चुकलं असेल तर पोरीनं कुणाकडे बघायचं?”

अविनाशला तर या प्रश्नाचं उत्तर नकोच होतं, असं मला वाटतं. मी वॉर्डात असताना त्यानं आणि आईनं ठरवलं की आईनं केतकीला घेऊन चिपळूणला जावं, वरचं दूध चालू करावं. निघायच्या दिवशी आई वॉर्डात एकटीच आली. बाळाला आणलं नव्हतं, इथे रोगी असतात म्हणून. ‘खाली अविनाशकडे आहे, गॅलरीतून बघ,’ म्हणाली. मी गॅलरीत गेले. खाली झाडाजवळ अविनाश उभा होता आणि त्याच्या खांद्यावर एक पिवळं टोपडं होतं. चेहरा पलीकडच्या बाजूला होता. मी हाक मारली असती तर अविनाशनं तिला वळवून दाखवलं असतं. टोपडं फाटकाबाहेर जाईपर्यंत मी नुसती बघत राहिले.

*

वॉर्डातले दिवस सगळे एकसारखे असतात, म्हणून त्यांची एकच गोष्ट सांगते. दूध यायचं थांबत नव्हतं. उजव्या हाताला फळी बांधलेली, त्यामुळे डाव्या हातानं मी ते बेसिनमध्ये पिळून टाकायचे. नळ सोडायचा आणि बघायचं नाही. पुढे ते आपोआप आटलं. ज्या दिवशी छाती दुखायची थांबली, त्या दिवशी मला जितकं एकटं वाटलं तितकं त्याआधी कधी वाटलं नव्हतं. दुखत होतं तोवर केतकीचं माझ्याकडे काही तरी काम होतं.

शेजारच्या खाटेवर दिघ्याच्या रुक्मिणीबाई होत्या. त्यांच्या लहानपणी ही औषधं नव्हती. दोन्ही हातांची बोटं आत वळलेली, पण जीभ एकदम सरळ. पहिल्याच दुपारी त्यांनी मला वॉर्डाचा कायदा सांगितला. “रडायचं आसंल तर च्याच्या येळंला रड. तवा भांड्यांचा आवाज आसतो, कुनाला कळत न्हाई.” मी तसंच करायचे. चहाची ट्रॉली आली की त्या तोंड भिंतीकडे फिरवायच्या, म्हणजे मला मोकळेपणा मिळावा. सकाळी आम्ही एकमेकींच्या वेण्या घालायचो. माझा डावा हात आणि त्यांचे दोन्ही अंगठे मिळून कशीबशी एक वेणी व्हायची, ती दुपारपर्यंत सुटायची. मी त्यांना विचारलं, तुम्हाला मुलं किती? त्या म्हणाल्या, “हायत कुटंतरी.” पुढे मी विचारलं नाही.

गोळ्यांनी सूज उतरली. चेहरा मात्र भोपळ्यासारखा गोल झाला. रोज टेबलावर हात ठेवून दुसऱ्या हातानं बोटं सरळ करायची, पाण्यात भिजवायची, तेल लावायचं. एक एक बोट परत आलं. करंगळी आली नाही.

पुढे बऱ्याच वर्षांनी मी या जंतूबद्दल वाचलं. त्याची बरीचशी जनुकं म्हणे मोडून पडलेली आहेत, निकामी. त्यामुळे त्याला स्वतःच्या बळावर जगता येत नाही, प्रयोगशाळेतल्या काचेच्या बशीत तो वाढतच नाही, कुणाच्या तरी पेशीत शिरूनच राहतो. एकाचे दोन व्हायला त्याला पंधरवडा लागतो. एवढा दुबळा प्राणी. माझं नुकसान त्यानं थोडं केलं, माझ्याच रक्तानं जास्त केलं. वाचून मला त्याची कीव आली आणि मग स्वतःचाच राग आला.

*

घरी आले तेव्हा शेगडी माळ्यावर गेली होती आणि पाळणा घडी करून दारामागे ठेवला होता. अविनाश म्हणाला, कोर्स पूर्ण होऊ दे, मग आणू तिला. कोर्स संपायला वर्षाहून जास्त होतं.

रविवारी मी खालच्या एसटीडी बूथवरून चिपळूणला शेजाऱ्यांकडे फोन करायचे. आई केतकीला घेऊन यायची आणि रिसीव्हर तिच्या तोंडाशी धरायची. कधी नुसता श्वास ऐकू यायचा, कधी हुंकार. बूथमध्ये मागे रांग असायची आणि मी त्या हुंकारांना उत्तरं द्यायचे. एकदा मागचा माणूस म्हणाला, “मॅडम, समोरून कोण बोलतच नाही वाटतं.” मी रिसीव्हर ठेवला.

रुग्णालयातल्या पुढच्या तपासणीला मी डॉक्टरीणबाईंना विचारलं, कोर्स संपेपर्यंत मुलीला लांब ठेवायची गरज आहे का?

“मी कधी सांगितलं असं?” त्या म्हणाल्या. “कोर्सचा आणि मुलीचा काय संबंध?”

हे वाक्य त्यांनी मला आधीही सांगितलं होतं, वेगळ्या शब्दांत. या वेळी ते ऐकून मी घरी गेले नाही. पनवेलला गेले आणि चिपळूणची एसटी धरली. अविनाशला तिथूनच फोन केला. तो एवढंच म्हणाला, “जपून जा.” त्यानं अडवलं नाही, ही त्याच्याकडून मला मिळालेली मोठी मदत.

*

घरी पोचले तेव्हा पुढचं दार उघडं होतं आणि कुणी नव्हतं. मागच्या पडवीतून हसण्याचा आवाज आला. मी आवाज न करता गेले.

आई पाट मांडून बसली होती, पाय लांब केलेले, आणि पायांवर अंघोळ झालेली केतकी उताणी. आईच्या हातात देवासाठी वळलेली कापसाची वात होती. ती वात ती मुलीच्या दंडावरून फिरवत होती, मग छातीवरून, मग तळपायावरून. केतकी खदखदून हसत होती. एका ठिकाणी हसली नाही, तर आईनं पुन्हा तिथेच वात फिरवली आणि हसेपर्यंत फिरवत राहिली.

डॉक्टरीणबाई असंच कापूस फिरवून माझ्या हाताला कुठे कळतं ते तपासायच्या, आईनं ते रुग्णालयात पाहिलं होतं. माझ्या अंगाचा तिळपापड झाला. माझ्या मुलीची रोज अशी झडती होत होती.

“आई, काय करतेयस?”

ती दचकली, पण वात लपवली नाही.

“हसली की मला दिवसभर बरं वाटतं,” ती म्हणाली.

“आणि मला कधी विचारलंस, मला कुठे कळतं आणि कुठे नाही?”

आईनं केतकीला खाली चटईवर ठेवलं आणि हात पुढे केला. “ये. बस.” त्या शेगडीनंतर तिनं मला हात लावला नव्हता.

“डोळे मिट.”

मी मिटले. तळव्यावर कळलं. मधल्या बोटावर कळलं. अनामिकेवर अगदी पुसट, पण कळलं. मग ती थांबली असं मला वाटलं.

“आता?” तिनं विचारलं.

माझ्या मनात आलं, हो म्हणावं. हो म्हटलं तर ती मुलगी देईल. पण आई, सोनाबाय, पाटीलकाकू, सगळ्यांपासून मी खूप दिवस काही ना काही लपवत आले होते आणि आता मला त्याचा कंटाळा आला होता.

“नाही कळलं,” मी म्हटलं.

डोळे उघडले तर आईनं माझी करंगळी मुठीत धरली होती आणि ती रडत होती.

“मी धरला होता तुझा हात त्या निखाऱ्यांवर. या हातांनी. पोरीला न्यायचं निमित्त झालं गो, मीने. मला तुझ्या हाताकडे बघवत नव्हतं.”

मला तिचा राग आला होता तो गेला नाही. पण त्याच्या शेजारी दुसरं काही येऊन बसलं, आणि त्यानंतर दोन्ही आजवर आहेत.

दुसऱ्या दिवशी सकाळी आईनं केतकीचे कपडे बांधले, बाटली भरली. मी म्हटलं, तूही चल. ती नको म्हणाली. “मी आले तर ती तुझ्याकडे येणारच नाही.” स्टँडवर तिनं केतकीला माझ्या हातात दिलं आणि गाडी हलायच्या आधीच पाठ फिरवली.

केतकी खिडकीतून मागे बघून रडायला लागली. तिला माझा वास ओळखीचा नव्हता, आवाज नव्हता, हात तर नव्हताच. मी गाणं म्हटलं, बाटली दिली, खुळखुळा वाजवला. महाडपर्यंत ती रडत होती. तिथे एक बाई चढली, माझ्या शेजारी बसली आणि थोडा वेळ बघत राहिली.

“आईला शोधतेय हो ती,” बाई म्हणाली. “आई कुठाय तिची?”

“मीच,” मी म्हटलं.

बाईला ते खरं वाटलं नसावं. केतकीही रडायची थांबली नाही. मी तिला डाव्या हातानं घट्ट धरलं, उजवा हात तिच्या पाठीवर ठेवला. पनवेल यायला अजून बराच वेळ होता.